असई आणि घरचे वैर

असईच्या लढाईचा विषय निघाला की आम्हांला नेहमी एक प्रश्न विचारावासा वाटतो. २३ सप्टेंबर १८०३ रोजी यशवंतराव होळकरांची फौज कोठे होती? ती दूर माळव्याकडे होती. आणि ती तेथे का राहिली हे समजून घेतल्यावाचून त्या दिवसाच्या तोफांचा हिशेब मांडण्यात फारसा अर्थ नाही.

मागची सहा वर्षे पाहावी. १७९७ साली शिंद्यांच्या फौजेने पुण्यात मल्हारराव होळकरांना मारले. १८०० च्या मार्चात नाना फडणीस वारले. पुढच्या वर्षी बाजीरावाने यशवंतरावांचे बंधू विठोजी यांना हत्तीच्या पायी दिले, आणि त्याच साली शिंद्यांच्या सरदारांनी इंदूर जाळले. तेव्हा १८०२ च्या ऑक्टोबरात हडपसरला जे झाले ते अचानक झालेले नव्हते. होळकरांनी शिंदे व पेशवे यांच्या फौजा मोडल्या. पेशव्यांनी पळून जाऊन ३१ डिसेंबरला वसईचा तह केला. मग इंग्रजांशी लढण्यासाठी शिंदे-भोसल्यांनी याच होळकरांना हाक घातली. यशवंतराव गेले नाहीत याबद्दल आम्ही त्यांना दोष देतो. परंतु इंदूरची राख विसरून त्यांनी कोणाच्या शब्दावर यावे, याचे उत्तर आम्हांलाही सुचत नाही.

प्रत्यक्ष रणात आर्थर वेल्स्लीजवळ साडेचार हजारांच्या आसपास कवायती शिपाई होते. कर्नल स्टीव्हन्सनची दुसरी फौज अजून यायची होती. तिची वाट न पाहता त्याने चाल केली. केळणा नदीला उतार नाही असे वाटाडे सांगत होते. समोरासमोरच्या काठांवर दोन गावे दिसताच, मध्ये उतार असलाच पाहिजे असे ताडून तो पार झाला. शिंद्यांच्या पलटणींनी तोंड फिरवून नवी फळी धरली आणि त्यांच्या तोफांनी असा मारा केला की वेल्स्लीचे दीड हजारांवर लोक मेले वा जखमी झाले. शिपाई कमी पडले नाहीत. परंतु मराठी घोडदळाने लढाईत फारसा भागच घेतला नाही. इंग्रज अंमलदारांना शिंद्यांची चाकरी सोडण्याचे कलकत्त्याचे फर्मान ऑगस्टातच निघाले होते. आणि पेशव्यांचे मराठी स्वार तर वेल्स्लीच्या बाजूस उभे होते.

शिंदे-भोसले डिसेंबरात तहाला आले. होळकर १८०४ साली एकटे उठले. त्यांनी मॉन्सनची फौज आग्र्यापर्यंत पिटाळली, आणि पुढच्या वर्षी भरतपूरच्या जाटांनी लेकचे चार हल्ले परतवले.

इंग्रजांच्या घरीही भांडण होतेच. लढायांच्या खर्चाने कंपनीचे कर्ज वाढले, लंडनचे संचालक चिडले, आणि लॉर्ड वेल्स्लीला परत जावे लागले. मात्र तेथे भांडण हिशेबाच्या वह्यांवर आणि हुकुमाच्या कागदावर मिटले, हत्तीच्या पायाखाली नव्हे. कॉर्नवॉलिस आला, तो ऑक्टोबर १८०५ मध्ये गाझीपूरला वारला, तरी बार्लोने तेच धोरण चालवले. शिंद्यांना ग्वाल्हेर व गोहद परत मिळाले, आणि पंजाबात बियासच्या काठापर्यंत रेटले गेलेले होळकर आपला बराच मुलूख राखून परतले. कटक आणि वऱ्हाड गमावून बसलेल्या भोसल्यांना मात्र लंडनच्या या पालटानंतरही ते मुलूख परत मिळाले नाहीत. त्यांचा तह दोन वर्षे आधीच होऊन गेला होता.