समुद्रतळावरचे राज्यांतर

इतिहास म्हटला की आपल्याला गडकोट, लढाया आणि तहनामे आठवतात. मला मात्र अलीकडे एका शेवाळाच्या इतिहासाने वेड लावले आहे. वाचकहो, हसू नका! खरवस थिजवायला तुम्ही जो चायना ग्रास वापरता, तोही समुद्रशेवाळाचाच. दुसऱ्या महायुद्धापूर्वी या मालाचा मोठा पुरवठादार जपान होता. १९४१ साली जपान युद्धात उतरला, पाश्चात्त्यांचा पुरवठा तुटला, आणि कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटाचे दैव उघडले.

तिथल्या बुडीत खडकांवर जांभळट, झालरीदार ‘आयरिश मॉस’ उगवते. त्याचा चिकट अर्क आइस्क्रीम मऊ ठेवतो, दुधातला कोको तळाशी बसू देत नाही. वादळ झाले की किनाऱ्यावर या शेवाळाचे ढीग लागत. मग घरेच्या घरे लोटत. शेतातले घोडे गार लाटांत छातीभर पाण्यात शिरत आणि मागे बांधलेल्या जाळीतून माल ओढून आणीत. पुढे होड्यांमागून लोखंडी दाताळी तळावरून फिरू लागली.

आयरिश मॉसचा शेंडा कापला तर बुडख्यातून ते पुन्हा फुटते; बुडखाच उपटला तर खडक मोकळा होतो. आणि समुद्रात मोकळी जागा मोकळी राहील कशी? बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर ‘फर्सेलेरिया’ नावाचे काळपट, दुबेळक्या काड्यांचे शेवाळ वाढत गेले. सगळे पाप दाताळ्यांच्या माथी मारणे मला पटत नाही. पण त्यांनी पाहुण्याला पाट मांडून दिला, एवढे खरे. वरून पाहणाऱ्याला तळ पूर्वीसारखाच भरलेला दिसे. व्यापारी मात्र मूठभर माल उचली, त्यात काळ्या काड्या किती ते पाही आणि भाव पाडी.

मौज अशी की, हेच फर्सेलेरिया डेन्मार्कमध्ये लक्ष्मी ठरले होते! युद्धातल्या त्याच टंचाईत डॅनिश लोकांनी त्यापासून ‘डॅनिश अगार’ काढला आणि कॅटेगॅटच्या समुद्रातून ते इतके उपसले की, १९६०नंतरच्या दशकात तो साठा आटला. एकाची लक्ष्मी ती दुसऱ्याची अवदसा!

१९७०च्या सुमारास फिलिपाईन्समध्ये दोऱ्यांवर शेवाळाची शेती सुरू झाली. एकजात, स्वस्त माल मिळू लागल्यावर निवडानिवड करीत कोण बसतो? कारखानदार तिकडे वळले आणि बेटावरचा धंदा ओसरला. मिमिनिगॅश गावच्या बायकांनी पुढे एक उपाहारगृह काढले आणि त्याच आयरिश मॉसने थिजवलेला गोड ‘पाय’ पर्यटकांना खाऊ घातला.