मोटारीतली ऊब : एका पेटीचा इतिहास

मोटारीच्या इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलमधील ऊर्जेपैकी जेमतेम पाव ते एक तृतीयांश भाग चाके फिरवण्याच्या कामी येतो. उरलेली बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते, काही धुरावाटे, काही रेडिएटरमधून. म्हणजे मोटार ही एक चालती-फिरती शेगडीच म्हणायची. तरीही मोटारींच्या इतिहासातली पहिली काही दशके थंड देशांतले प्रवासी या शेगडीपासून हातभर अंतरावर कुडकुडत बसत होते. गाड्या उघड्या होत्या. मांडीवर घोंगडी, पायाशी तापवलेली वीट किंवा निखाऱ्यांची पेटी, ही घोडागाडीच्या काळातली सामग्रीच मोटारीतही आली.

इथे एका लोकप्रिय गोष्टीबद्दल सावध करायला हवे. मोटारीच्या हीटरचा शोध शिकागोच्या मार्गारेट विल्कॉक्स यांनी १८९३ साली लावला, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. त्या वर्षी त्यांना ‘कार हीटर’चे पेटंट मिळाले हे खरे. पण १८९३ साली अमेरिकेत ‘कार’ म्हणजे मुख्यतः रेल्वेचा डबा. पेट्रोलवर चालणारी मोटार तिथे नुकती कुठे प्रयोगावस्थेत होती. पुढे शब्दाचा अर्थ बदलला आणि पेटंटचा अर्थही नकळत बदलून गेला. विज्ञानाचा इतिहास शिकवताना असे सापळे पावलोपावली भेटतात.

बंद टपाच्या गाड्या रूढ झाल्यावर फुकट जाणारी उष्णता आत आणण्याचे प्रयत्न सुरू झाले. सर्वांत सोपी युक्ती म्हणजे धूर वाहून नेणाऱ्या तापलेल्या नळीभोवती पत्र्याचे आवरण घालायचे आणि त्यातून जाणारी हवा प्रवाशांच्या पायांवर सोडायची. १९२८ ते १९३१ या काळातल्या फोर्डच्या ‘मॉडेल ए’ गाडीसाठी अशी जोडणी मिळत असे. ती झटपट तापे, पण नळीला चीर पडली किंवा सांधा सैल झाला की ऊबेबरोबर कार्बन मोनॉक्साइडही आत येई. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट बिलगतो. त्याला रंग नाही, वास नाही. थंडीमुळे काचा घट्ट लावलेल्या असत, हे आणखी वाईट.

त्यामुळे तिसाव्या दशकात इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा मार्ग पुढे आला. इंजिनातून तापून आलेल्या पाण्याची एक शाखा डॅशबोर्डखालच्या छोट्या रेडिएटरमध्ये वळवायची आणि त्यामागे पंखा लावायचा. यातला हिशेब वर्गात करून पाहण्याजोगा आहे. मिनिटाला ६ लिटर पाणी त्या रेडिएटरमधून गेले आणि १० अंश सेल्सिअसने निवले, तर पाण्याच्या विशिष्ट उष्णतेवरून सेकंदाला सुमारे ४.२ किलोज्यूल, म्हणजे ४.२ किलोवॉट उष्णता मिळते. घरातल्या १ किलोवॉटच्या चार इस्त्र्या एकदम लावल्यासारखे! आणि पंख्याला लागणारी वीज ५०-६० वॉटच्या आसपास.

एवढी उष्णता मिळाल्यावर प्रश्न सुटायला हवा होता. तो सुटला नाही, कारण प्रश्न नुसत्या ऊबेचा नव्हताच, काचेचाही होता.

डॅशबोर्डखालचा हीटर गाडीतलीच हवा पुन्हा पुन्हा तापवत असे. माणूस श्वास आणि त्वचेवाटे तासाला सुमारे ४०-५० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. चार माणसे बसली की बंद गाडीतली हवा दमट होत जाते आणि थंड काचेवर दव धरते. शून्य अंशाला एक घनमीटर हवेत सुमारे ५ ग्रॅम बाष्प मावते, २० अंशाला १७ ग्रॅम आणि ४० अंशाला ५१ ग्रॅम. आता हीच हवा बाहेरून घेतली तर काय होईल ते पाहा. बाहेर शून्य अंश तापमान आहे, हवा बाष्पाने पूर्ण भरलेली आहे. ती ४० अंशांपर्यंत तापवली की तिच्यातले बाष्प तेवढेच राहते, पण सापेक्ष आर्द्रता १०० टक्क्यांवरून १० टक्क्यांच्याही खाली येते. धुक्यातली ओली हवा नुसती तापवल्याने वाळवंटातल्या हवेइतकी कोरडी होते, हे विद्यार्थ्यांना प्रथम पटत नाही. कोष्टक समोर ठेवले की पटते.

अमेरिकेतल्या नॅश कंपनीने १९३८ साली नेमके हे केले. बाहेरची हवा काचेसमोरच्या झडपेतून घ्यायची, गाळायची, गरम पाण्याच्या रेडिएटरवरून नेऊन आत सोडायची. पुढच्या वर्षी तिला तापनियंत्रकाची जोड मिळाली. आजच्या मोटारींतली व्यवस्था मूलतः हीच आहे. आमच्या मते हीटरच्या इतिहासातला खरा टप्पा हाच, पण तो ‘पहिला हीटर’ नसल्यामुळे त्याचे नाव फारसे निघत नाही.

ब्रिटनमध्ये महायुद्धानंतरही हीटर ही जास्तीचे पैसे मोजून घ्यायची वस्तू होती. १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डन येथे पाच लाखांहून अधिक संख्येने बनलेली एमजीबी ही दोन आसनी गाडी घ्या. सुरुवातीला तिच्यात हीटर ऐच्छिक होता. रचना तत्त्वतः उत्तम : काचेसमोरच्या जाळीतून बाहेरची हवा, इंजिनाच्या कप्प्यात मागच्या भिंतीवर बसवलेली पत्र्याची पेटी, पेटीत तांबे-पितळेचा रेडिएटर. तरी गाडी थंड राहते ही तक्रार जुनी आहे. याची कारणे पेटीच्या आत जितकी आहेत तितकीच बाहेरही आहेत. १९६७पर्यंत या गाडीत डायनॅमो होता. तो भर वेगात सुमारे २२ अँपिअर देई आणि इंजिन संथ फिरताना जवळजवळ काहीच नाही. दिवे, वायपर आणि ठिणगी यांतून पंख्याच्या वाट्याला येणार किती? मग पंखा दुबळाच ठेवावा लागला. त्यात वर्षानुवर्षे पाण्यातला गाळ आणि क्षार नळ्यांत साचतात. आणखी एक चोर म्हणजे फटी बुजवणारा फोम. त्याचा भुगा झाला की हवा रेडिएटरला वळसा घालून थंडच आत येते. पेटी काढणे इतके जिकिरीचे की मालक मंडळी गमतीने म्हणतात, कारखान्यात आधी हीटर टांगला आणि मग त्याच्याभोवती गाडी बांधली.

म्हणून आता अनेक जण मूळ पेटी काढून तिच्या जागी नवा, आटोपशीर हीटर बसवतात. त्याचा रेडिएटर बहुधा ॲल्युमिनियमचा असतो. इथे एक चांगला प्रश्न विचारता येतो. तांब्याची उष्णतावाहकता ॲल्युमिनियमच्या दीडपटीहून जास्त. मग ॲल्युमिनियमचा आणि आकाराने लहान रेडिएटर जास्त उष्णता कसा देतो? उत्तर असे की अडथळा धातूत नसतोच. पाण्याकडून धातूकडे आणि धातूतून पलीकडे उष्णता सहज जाते. अडते ती धातूला चिकटलेल्या हवेच्या पातळ थरापाशी. तो थर मोडायचा तर हवा वेगाने हवी आणि तिला भिडणारे पृष्ठफळ मोठे हवे. चपट्या नळ्यांमध्ये घडी घातलेला अगदी पातळ पत्रा बसवला की तळहाताएवढ्या जागेत पुष्कळ पृष्ठफळ मावते. मात्र अशा दाट जाळीतून हवा ढकलायला जोरकस पंखा लागतो, आणि त्याला पुरेशी वीज देणारा अल्टरनेटरही.

पण खरेदी करणाऱ्याने बघायची गोष्ट वेगळीच आहे. बाजारातले काही छोटे हीटर आतलीच हवा फिरवतात. असा हीटर मूळ पेटीच्या जागी बसवला की पाय शेकतात आणि पावसाळी रात्री काच धुरकटते. म्हणजे १९३८च्या मागे जाऊन बसल्यासारखे. अमेरिकेत १ जानेवारी १९६८पासून मोटारीच्या पुढच्या काचेवरचे दव आणि हिम हटवण्याची सोय कायद्याने सक्तीची झाली, ती चैन म्हणून नव्हे. तेव्हा बाहेरच्या हवेचा मार्ग आणि काचेकडे जाणारे नळकांडे कायम ठेवूनच बदल करावा.

दुसरा वाद मूळ रूपाचा. जुनी गाडी हा ऐतिहासिक दस्तऐवज मानला तर त्यातला एक भाग काढणे म्हणजे पान फाडणे, असे काहींचे म्हणणे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली स्वीकारलेल्या ट्यूरिन सनदेचा भर बदल परत फिरवता येण्याजोगे असण्यावर आहे. आम्हाला ही भूमिका व्यवहार्य वाटते. पत्र्याला नवी भोके न पाडता, असलेल्याच खिळखांबांवर नवा हीटर बसवावा. काढलेली पेटी नावनिशीवार चिठ्ठी लावून जपून ठेवावी. जुन्या पेटीच्या पोटातच नवी जाळी आणि नवा पंखा बसवणारेही आहेत. बाहेरून काही कळत नाही.

अलीकडे काही जुन्या गाड्यांतले इंजिनच काढून विजेची मोटर बसवली जाते. मग गरम पाणी कुठले? तिथे रेडिएटरच्या जागी, त्याच पेटीत, बेरियम टायटनेटच्या सिरॅमिकचा तापक बसवतात. ठरावीक तापमानापुढे या पदार्थाचा विद्युत्-रोध एकदम वाढतो आणि प्रवाह आपोआप कमी होतो. त्यामुळे पंखा बंद पडला तरी तो बेसुमार तापत नाही. खर्च मात्र आता थेट बॅटरीतून, ३-४ किलोवॉट, आणि हिवाळ्यात तेवढे किलोमीटर कमी.