मेणा दरवाजा: रायगड नक्की कुणासाठी बांधला होता?

हेडफोन लावलेत ना? आज आपण रायगडावर जाणार आहोत. पण राज्याभिषेकाची तीच ती गोष्ट पुन्हा सांगायला नाही. आज प्रश्न वेगळा आहे, साधाच आहे आणि मला स्वतःला बरीच वर्षं टोचत आलाय. ज्याला पायऱ्या चढता येत नाहीत, त्याने रायगड बघायचा कसा?

हा प्रश्न माझ्या ताईचा आहे. तिला लहानपणी पोलिओ झाला. तेव्हापासून पायाला कॅलिपर, आणि आता गेली काही वर्षं व्हीलचेअर. ती सातवीत असताना शाळेची सहल रायगडला गेली होती. तेव्हा रोपवे नव्हता. सगळा वर्ग पायऱ्या चढून वर गेला आणि ताई पायथ्याला एसटीत ड्रायव्हरकाकांसोबत थांबली. संध्याकाळी मैत्रिणी खाली आल्या, लाल झालेले चेहरे घेऊन, एकमेकींना 'टकमक टोक कसलं भारी होतं' वगैरे सांगत. ताई म्हणते, 'मला चढता आलं नाही याचं काही नव्हतं गं-रे. सगळ्यांकडे एक गोष्ट होती आणि माझ्याकडे नव्हती, याचं वाईट वाटलं.'

तर मंडळी, तिच्या या वाक्याचं बोट धरून जरा इतिहासात जाऊया.

आधी गडाविषयी. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ८२० मीटर. मूळ नाव रायरी. १६५६ मध्ये जावळीच्या मोऱ्यांकडून महाराजांनी तो घेतला आणि पुढे राजधानी केली. का केली? तर चढायला अवघड म्हणून! चहूबाजूंनी तासलेले कडे, वर जायला मोजक्या वाटा, आणि महादरवाजा असा की अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही, दोन बुरुजांच्या मागे लपलेला. म्हणजे हा गड 'लोकांना सहज येता येऊ नये' म्हणूनच बांधलेला. मग आज कुणी म्हणतं, 'अहो, किल्लाच आहे तो, मॉल आहे का? अवघड असणारच!' ऐकायला पटतं, नाही का?

पण थांबा. तो अवघड होता तो शत्रूसाठी. आपल्या माणसांसाठीही तितकाच अवघड ठेवला होता का?

इथे मला रायगडावरचे दोन दरवाजे दाखवायचे आहेत. बालेकिल्ल्यात शिरायचा एक दरवाजा आहे, त्याचं नाव पालखी दरवाजा. एकतीस पायऱ्या चढून तिथे पोचता येतं. दुसरा, राण्यांच्या महालांकडचा, त्याचं नाव मेणा दरवाजा. मेणा म्हणजे पडदा लावलेली, बंद पालखी. गंमत बघा. राजधानीच्या सगळ्यात आतल्या भागात जायच्या दोन वाटा, आणि दोन्हींची नावं पायी चालणाऱ्यावरून पडलेली नाहीत. ती पडलीत उचलून आणलेल्या माणसांवरून! म्हणजे स्वतःच्या पायांनी न चालता रायगडावर जाणं ही आजची फॅशन नाही. ते गडाच्या नावातच आहे.

आता पाचाडला या. गडाच्या पायथ्याचं गाव. तिथे जिजाऊ आईसाहेबांचा वाडा होता, त्याचे अवशेष आजही आहेत. आईसाहेबांना उतारवयात गडावरची गार हवा आणि वारा सोसेना, म्हणून महाराजांनी खाली पाचाडला वाडा बांधून दिला, असं सांगितलं जातं. तिथे एक तक्याची विहीर आहे. विहिरीच्या काठाला टेकून बसायला दगडाचाच तक्या केलेला.

मला ही गोष्ट फार मोठी वाटते. ज्याने डोंगरावर अख्खी राजधानी उभी केली, तो आईला 'सवय होईल हळूहळू' असं म्हणाला नाही. म्हाताऱ्या शरीराला काय झेपतं ते बघितलं आणि त्याप्रमाणे बांधकाम केलं. आईच्या तब्येतीला गडाशी जुळवून घ्यायला लावलं नाही.

आणि तरीही ६ जून १६७४ ला, राज्याभिषेकाच्या दिवशी, आईसाहेब वर होत्या. वय पंचाहत्तरीच्या आसपास. त्या कशा आल्या असतील? पायी चढून आल्या असतील असं मला तरी वाटत नाही. पालखीतून किंवा मेण्यातूनच आल्या असणार. त्यानंतर अकराच दिवसांनी, १७ जूनला, त्या पाचाडला गेल्या. त्यांची समाधी तिथेच आहे. विचार करा, त्या दिवशी कुणी म्हणालं असतं, 'आईसाहेब, तुम्हाला नाही जमायचं, तुम्ही खालीच थांबा,' तर?

राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील आला होता, हेन्री ऑक्सिंडन. आधी त्याला पाचाडला वाट बघत थांबावं लागलं, कारण महाराज प्रतापगडावर भवानीच्या दर्शनाला गेले होते. मग तो वर आला. राजवाड्याच्या दाराशी त्याला दोन हत्ती दिसले आणि तो चक्रावलाच. असल्या वाटेने हे धूड वर आणलं कसं? आपल्याकडे सांगतात की पिल्लं असतानाच आणली आणि वरच वाढवली. ते खरं असो नसो, हत्ती वर होते हे नक्की. ही गोष्ट ताईला सांगितली तेव्हा ती म्हणाली, 'हत्ती चढवला, आणि माझी अठरा किलोची खुर्ची यांना जड होते?'

मागच्या हिवाळ्यात आम्ही दोघं गेलो. रोपवे १९९६ मध्ये सुरू झाला, आणि पंधराएकशे पायऱ्यांची ती चढण चार-पाच मिनिटांवर आली. पाळणा कड्यालगत वर सरकायला लागला तेव्हा ताईने माझा हात घट्ट धरला होता. भीतीने नव्हे. खाली एसटी स्टँडच्या बाजूला बघून म्हणाली, 'तिकडे उभी होती आमची गाडी.'

आणि रोपवे नेऊन सोडतो कुठे माहितीये? मेणा दरवाज्याजवळ! पण तिथून पुढे पुन्हा पायऱ्या.

आता इथे जे झालं ते नीट ऐका. तिथली दोन तरुण मुलं धावत आली. मनाने फार चांगली. काही न विचारता दोघांनी खुर्ची दोन्ही बाजूंनी धरली आणि 'चला काकू!' म्हणून उचलायला लागले. ताई जोरात म्हणाली, 'थांबा! खाली ठेवा.' मुलं बिचारी ओशाळली. मग ती शांतपणे म्हणाली, 'उचला, पण मी सांगेन तेव्हा. आणि मी सांगेन तिथे थांबायचं.'

मला त्या क्षणी पालखी आणि ओझं यातला फरक कळला. दोन्ही उचलावी लागतात. पण पालखी कधी निघायची, कुठे टेकवायची, हे आत बसलेला ठरवतो. ओझ्याला कुणी विचारत नाही. जिजाऊ उचलून नेल्या गेल्या तेव्हा तो मान होता. मग माझ्या ताईला कुणी उचललं की ती 'बिचारी' का होते? फरक तिच्या पायांत नाही, विचारण्यात आहे. आणि हो, पालखीखाली ज्यांचे खांदे सोलले जायचे त्या भोयांना तेव्हा कुणी विचारत नव्हतं, हेही विसरायला नको. म्हणून कुणाच्या तरी खांद्यांवर अवलंबून राहणं हा काही कायमचा उपाय होऊ शकत नाही.

मग उपाय काय? सगळ्या गडावर सिमेंट ओतायचं? अथेन्सच्या अॅक्रोपोलिसवर हा वाद झालाय. तीही टेकडीवरची जागा, अडीच हजार वर्षांपूर्वीची. २०२० च्या डिसेंबरात तिथे कड्याला लागून नवी लिफ्ट सुरू झाली आणि वर चालायला काँक्रीटच्या वाटा केल्या. व्हीलचेअरवाले खूश झाले. पण काही पुरातत्त्वज्ञ भडकले, की प्राचीन खडक झाकला जातोय. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. मला स्वतःला रायगडाची एकही मूळ पायरी फोडलेली चालणार नाही. गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांनी जगदीश्वराच्या मंदिरापाशी आपलं नाव कोरलं ते पायरीवरच. नामदेवांची पायरी आठवते ना पंढरपूरची? आपल्याकडे पायरी ही माथा टेकायची जागा आहे.

पण पायरी न फोडताही खूप काही करता येतं. रायगडाचा माथा बऱ्यापैकी सपाट आहे, हे वर गेल्याशिवाय कळत नाही. बाजारपेठ बघा. दोन रांगा, प्रत्येकी बावीस दुकानं, आणि मधला रस्ता सुमारे चाळीस फूट रुंद! जोती इतकी उंच की घोड्यावर बसूनच खरेदी करायचे, असं गाईड सांगतात. होळीचा माळही मोकळा. अडचण आहे ती मधल्या मोजक्या पायऱ्यांची. तिथे दगडाला खिळा न ठोकता, नुसता टेकवलेला आणि नंतर काढून घेता येणारा लाकडी उतार बसू शकतो. पाचाडला गडाची हाताने चाचपता येईल अशी प्रतिकृती ठेवता येईल. मोबाईलवर मराठी ऑडिओ गाईड देता येईल.

आणि हे काही उपकार नाहीत. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहे. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवून चालणार नाहीत, ते बंधनकारकच हवेत. त्यातच ११ जुलै २०२५ ला रायगडासह बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. जागतिक म्हणजे सगळ्या जगाचा. त्या जगात ताई येते ना?

शेवटची गोष्ट सांगतो आणि थांबतो.

राजसभेत पोचलो. सिंहासनाची जागा आणि समोर नगारखान्याचा उंच दरवाजा, मध्ये दोनशेहून जास्त फूट. तिथला आवाजाचा खेळ तुम्हाला माहीत असेलच. या टोकाला हळू बोललं तरी त्या टोकाला ऐकू येतं. ताई सिंहासनाच्या बाजूला थांबली आणि मी नगारखान्याकडे गेलो. तिथे उभं राहून एक कागद टरकन फाडला. लांबून तिने हात वर केला. मग मी अगदी हळू म्हणालो, 'ताई, आलीस एकदाची.'

मला वाटलं, तिला ऐकू गेलं नसेल. पण ती हसत होती.

ही जागा बघायला पाय लागत नाहीत. इथे डोळे मिटूनही दरबार कळतो. ज्याने साडेतीनशे वर्षांपूर्वी आवाज न अडखळता पोचवण्याची सोय केली, त्याच्या गडावर माणूस पोचवायची सोय आपल्याला जमू नये?

पुढच्या वेळी गडावर जाल तेव्हा मेणा दरवाज्यापाशी दोन मिनिटं थांबा. आणि कुणी खुर्चीवर किंवा काठी टेकत आलेलं दिसलं, तर हात लावायच्या आधी फक्त विचारा, 'काय करू?'

भेटूया पुढच्या भागात. तोवर, जय शिवराय!