सख्यासागराचे रान

ग्वाल्हेरहून आग्रा-मुंबई हमरस्त्याने दक्षिणेकडे निघालेल्या प्रवाशाला शिवपुरीजवळ धावडा, खैर आणि सालईचे रान लागते. हेच माधव राष्ट्रीय उद्यान. त्यात पसरलेला सख्यासागर पाहून तो निसर्गानेच निर्माण केला असावा, असे प्रथमदर्शनी वाटते. वस्तुतः १९१८ साली मनियर नदीचे पाणी अडवून तो बांधण्यात आला. ग्वाल्हेरचे अधिपती माधवराव शिंदे यांच्या मातोश्री सख्याराजे यांचे नाव त्यास मिळाले. शहरातील छत्रीबागेत या मायलेकांच्या छत्र्या आजही समोरासमोर उभ्या आहेत.

या अरण्याचा इतिहास मात्र तलावाहून पुष्कळ जुना आहे. १५६४ साली अकबराने नरवरच्या परिसरात रानटी हत्ती पकडले होते. आज तेथे हत्तीचा मागमूसही नाही. पुढे याच मुलखाने सत्तावनच्या बंडातील तात्या टोपे यांना आसरा दिला. पण फितुरीने घात केला, आणि १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरीस, म्हणजे तेव्हाच्या सिप्रीस, त्यांना फाशी देण्यात आले.

शिंद्यांच्या अमदानीत शिवपुरी ही उन्हाळ्याची राजधानी झाली आणि भोवतालचे रान शिकारीसाठी राखले गेले. या राखणीतला विरोधाभास ध्यानात घेण्याजोगा आहे. संस्थानिकांच्या शौकामुळे येथील वृक्षांवर कुऱ्हाड चालली नाही. पण ज्या वाघासाठी रान राखले, तोच बंदुकीचे लक्ष्य ठरला. संस्थाने विलीन झाल्यावर १९५८ साली येथे राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. तरीही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या रानातून वाघ नाहीसा झाला. सीमा आखणे आणि प्राणी वाचविणे या दोन गोष्टी एक नव्हेत, याचा हा कटू धडा होता.

सख्यासागराने मात्र आपले व्रत सोडले नाही. त्याच्या पाण्यात मगरी नांदत राहिल्या, हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरत राहिले. २०२२ साली या तलावाची रामसर पाणथळ क्षेत्रांत गणना झाली. मार्च २०२३ मध्ये अन्य अरण्यांतून वाघ आणून येथे सोडण्यात आले आणि मार्च २०२५ मध्ये हे रान देशातील अठ्ठावन्नावा व्याघ्रप्रकल्प ठरले. राजाच्या हौसेने राखलेल्या या वनाचा सांभाळ आता प्रजेकडे आला आहे. तिची राखण राजाहून निःस्वार्थी ठरली, तरच सख्यासागराच्या काठी वाघ निर्भयपणे पाणी पिईल.