किलकिलें दार



सांथ आणि करमणूक यांचें वैर फार जुनें आहे. सतराव्या शतकाच्या आरंभीं लंडन शहरांत असा दंडक होता कीं, प्लेगनें मरणाऱ्यांची संख्या आठवड्याला ३० च्या वर गेली म्हणजे नाटकगृहांना कुलुपें लागावयाचीं, आणि संख्या उतरली म्हणजे तीं निघावयाचीं. दार एक तर उघडें, नाहीं तर बंद. इ. स. २०२० सालीं आलेल्या कोरोनाच्या महासांथींत मात्र दार किलकिलें ठेवण्याचा तिसरा मार्ग शोधला गेला. थीम पार्क या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या मोठमोठ्या क्रीडोद्यानांनीं तो कसा शोधला, याची हकीकत मी आज सांगणार आहें.

वॉल्ट डिस्ने यांनीं १९५५ सालीं कॅलिफोर्नियांतील अ‍ॅनाहाइम येथें डिस्नेलँड उघडलें, आणि पुढें हा धंदा जगभर पसरला. त्याचा सारा डोलारा गर्दीवर उभा असतो. माणसें नसलीं तर ती जत्रा कसली? आणि सांथीलाही नेमकी गर्दीच हवी असते. पेंच होता तो हा.

शांघायचें डिस्नेलँड २५ जानेवारी २०२० रोजीं बंद झालें व ११ मे रोजीं पुन्हां उघडलें. एरव्हीं दिवसाला ८०,००० माणसें सामावणाऱ्या त्या उद्यानाला सरकारनें २४,००० ची मर्यादा घातली होती. चालकांनीं आरंभ त्याहूनही थोड्यांवर केला. तारीख घातलेलें तिकीट आगाऊ घ्यावयाचें, दारांत ताप पाहावयाचा, तोंडावर मुखपट्टी, रांगेसाठीं जमिनीवर खुणा, फिरत्या गाड्यांतून कांहीं ओळी रिकाम्या. यंत्रें होतीं तींच राहिलीं. बदलला तो माणसामाणसांतील अंतराचा हिशेब.

जपानांत तर उद्यानांच्या संघटनांनीं असाही नियम सांगितला कीं, रोलर कोस्टरवर मोठ्यानें ओरडूं नये. कारण ओरडण्याबरोबर तोंडांतून तुषार उडतात. फुजी-क्यू हायलँड या उद्यानांत दोघां बड्या अधिकाऱ्यांनीं मुखपट्ट्या लावून, चकार शब्द न काढतां तशी फेरी मारून दाखविली. ती चित्रफीत जगभर पाहिली गेली. तिच्या शेवटीं विनंति होती कीं, किंचाळावयाचें तें मनांतल्या मनांत. मी पडलों शाळामास्तर. ‘गलका करूं नका’ हें सांगण्यांत माझा जन्म गेला. पण किंचाळण्यासाठींच बांधलेल्या जागीं तेंच सांगण्याची पाळी कोणावर येईल, असें मला स्वप्नांतही वाटलें नव्हतें!

परंतु दार किलकिलें ठेवणाऱ्यास कडीवर हात ठेवूनच बसावें लागतें. हाँगकाँगचें डिस्नेलँड १८ जूनला उघडलें आणि सांथ उसळतांच १५ जुलैला पुन्हां मिटलें. अमेरिकेंत त्याच कंपनीचें फ्लोरिडांतील उद्यान ११ जुलैला उघडलें; कॅलिफोर्नियांतलें मात्र राज्याच्या नियमांमुळें १४ मार्च २०२० पासून तेरा महिन्यांहून अधिक काळ बंद राहून ३० एप्रिल २०२१ रोजीं उघडलें, आणि तेंही आरंभीं केवळ त्या राज्याच्या रहिवाशांसाठीं.

बंद दाराचीही किंमत असते, हें विसरून चालणार नाहीं. सप्टेंबर २०२० मध्यें या कंपनीनें अमेरिकेंतील २८,००० नोकरांना कमी करण्याचें जाहीर केलें. त्यांतील सुमारें दोन-तृतीयांश अर्धवेळ काम करणारे होते. एका बाजूस प्राण आणि दुसऱ्या बाजूस पोट, असा हा तराजू होता. त्याचें कोणतेंही पारडें हलकें नव्हतें.

या हकीकतींतील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट शेवटीं सांगतों. जानेवारी २०२१ मध्यें कॅलिफोर्नियांतील डिस्नेलँडच्या मोटारी उभ्या करण्याच्या मैदानावर लस टोंचण्याचें केंद्र उघडलें. जेथें मुलें मौजेसाठीं उतरावयाचीं, तेथें लोक प्राणरक्षणासाठीं येऊं लागले. उद्यान बंद होतें, पण त्याचें अंगण उपयोगीं पडलें.

यावरून मला एवढेंच दिसतें कीं, सांथींत करमणुकीचें दार उघडें ठेवण्याचा अधिकार त्यालाच पोंचतो, ज्याला फायदा समोर दिसत असतांही माणसें मोजतां येतात, आणि वेळ पडल्यास दारावरून परत पाठवितां येतात.