सुश्रुतोक्त संधान आणि रक्तवाहिन्यांचें आधुनिक पेशीरोपण

गोरेगावाहून आरेच्या झाडींतून पूर्वेस गेलें म्हणजे पवई लागते. तेथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेंत सिद्ध झालेल्या व टाटा रुग्णालयांत पारखल्या गेलेल्या नेक्सकार-१९ या उपचारास इ. स. २०२३ च्या ऑक्टोबरांत शासनमान्यता मिळाली. रुग्णाच्याच रक्तांतील पेशी काढावयाच्या, विषाणूच्या वाहनानें त्यांत नवें जनुक घालावयाचें व त्या परत शरीरांत सोडावयाच्या, असा हा प्रकार. तो रक्ताच्या कर्करोगावर आहे. अशाच पालटलेल्या पेशींनीं दुखावलेली रक्तवाहिनीहि सुधारतां येईल काय, हा विषय निघाला कीं, ‘हें सर्व सुश्रुतांत आहेच’ असें म्हणणारे आमच्या पोथीसंग्राहक स्नेह्यांत भेटतात. सूत्रस्थानांतील चौदावा, शोणितवर्णनीय अध्याय हा त्यांचा आधार. तो कितपत टिकतो हें पाहणें अवश्य आहे.

त्या अध्यायांत वाहतें रक्त थांबविण्याचे चार उपाय आहेत: संधान, स्कंदन, पाचन व दहन. कषाय द्रव्यांनीं व्रण जुळतो, थंडाव्यानें रक्त थिजतें, भस्मानें पाचन होतें आणि डागल्यानें शिरा आकुंचन पावते. रक्त थिजत नसेल तर संधान, तें ढळलें तर पाचन, आणि तिन्ही निष्फळ झाल्यावरच दाह, असा क्रमहि दिला आहे. शारीरस्थानांत ७०० शिरांपैकीं ९८ अवेध्य म्हणून वेगळ्या काढल्या आहेत. निर्णयसागराच्या १९३८ च्या आवृत्तींत हें सर्व डल्हणाच्या टीकेसह वाचावयास मिळतें.

आतां दुसरी बाजू. तुटलेली धमनी टाक्यांनीं जोडण्याची रीत अलेक्सिस कारेल यानें १९०२ त फ्रान्सांत लियों येथें प्रसिद्ध केली. १९१२ त त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु धमनीचें अस्तर अवघें एका पेशीच्या जाडीचें. तें खरवडलें गेलें कीं तेथेंच रक्त थिजूं लागतें व वाट बुजते. १९८९ च्या जूनमध्यें ‘सायन्स’ पत्रांत या विषयावर दोन निबंध पाठोपाठ आले. एलिझाबेथ नेबेल व सहकारी यांनीं डुकरांच्या अस्तरपेशींत जनुक घालून त्या नळीवाटे खरवडलेल्या धमनींत सोडल्या. २ ते ४ आठवड्यांनीं त्या तेथें आढळल्या. जेम्स विल्सन प्रभृतींनीं कुत्र्यांच्या पेशी तशाच पालटून डॅक्रॉनच्या नळ्यांच्या आंत पेरल्या व त्या नळ्या त्याच कुत्र्यांच्या मानेच्या धमन्यांत बसविल्या. ५ आठवड्यांनीं त्यांच्या आंतल्या अंगास त्या पेशींचें अस्तर दिसलें. दोहोंकडचें जनुक औषधी मात्र नव्हतें. विशिष्ट द्रव्य लावतांच पेशी निळी व्हावी, एवढेंच त्याचें काम. संग्राहक पोथीच्या पानावर आपला शिक्का उठवितो तसेंच हें. शिक्क्यानें पान ओळखतां येतें, फाटलें असल्यास सांधत नाहीं.

सुश्रुताच्या शल्यवैद्यास रक्त थिजणें इष्ट होतें. येथें तेंच अनिष्ट. रक्त वाहतें राहावें म्हणूनच अस्तर घालावयाचें. संधान हा शब्द दोहोंस लावतां येईल, पण अर्थ जुळत नाहीं. संहितेंत नसलेलें तिच्या पदरीं बांधल्यानें, दाह शेवटीं ठेवण्याचा जो विवेक तिच्यांत खरोखर आहे, तोच झांकला जातो, असें आम्हांस वाटतें. रक्तवाहिन्यांचा हा नवा उपचार तर अद्यापि नित्याच्या चिकित्सेंतहि आलेला नाहीं. जिवंत पेशी काढून, पालटून, परत घालण्याचा पाठ कोणाच्या संग्रहांत असल्यास तो पत्रांकासह व लेखनकालासह या त्रैमासिकाकडे धाडावा. आम्ही तो आनंदानें तपासूं.