स्टॅक नसलेले यंत्र आणि ७२ बाइटांचा करार

७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने ‘सिस्टीम/३६०’ ही संगणकमालिका जाहीर केली. तिच्यात ३२ बिटांची १६ सामान्य रजिस्टरे होती. आज आपण गृहीत धरतो तो स्टॅक मात्र नव्हता. बरोज कंपनीच्या बी५००० यंत्रात तो होता. अ‍ॅमडाल, ब्लाव आणि ब्रूक्स या रचनाकारांनी त्याचा विचार केला आणि तो नाकारला.

आता पेच पाहा. एका प्रोग्रामने दुसऱ्याला पाचारण केले, की दोघांनाही तीच १६ रजिस्टरे वापरायची. मग पहिल्याच्या अर्धवट हिशेबाचे काय? यंत्राकडे याचे उत्तर नव्हते. ते प्रोग्रामरांनी पाळायच्या संकेतात होते.

संकेत असा: बोलावणाऱ्याने स्मृतीत १८ शब्दांची, म्हणजे ७२ बाइटांची जागा राखायची आणि तिचा पत्ता रजिस्टर १३मध्ये ठेवायचा. १४मध्ये परतीचा पत्ता, १५मध्ये बोलावलेल्याचा. आलेल्याने सर्वप्रथम ‘एसटीएम’ या एकाच आज्ञेने १४, १५ आणि ० ते १२ ही रजिस्टरे त्या जागेत ठेवायची व जाताना पूर्ववत करायची. जागा यजमानाची, आवराआवर पाहुण्याची! ही वाटणी मला फार शहाणपणाची वाटते. कारण स्वतःसाठी स्मृती मागायची, तरी पाहुण्याला आधी मोकळी रजिस्टरे लागतात.

या जागेच्या दुसऱ्या शब्दात मागच्या जागेचा पत्ता असे, तिसऱ्यात पुढच्या. प्रोग्राम कोसळला, की छापील डंपमध्ये ही वंशावळ उलटी वाचत कोणी कोणाला बोलावले ते शोधता येई.

पण संकेत मोडणाऱ्याला यंत्र अडवत नसे. तो आपले काम बिनबोभाट उरकून परते; कोसळे तो त्याला बोलावणारा निरपराध प्रोग्राम. स्वतःलाच बोलावणाऱ्या प्रोग्रामची गत आणखी विचित्र. त्याची जागा एकच व कायमची असेल, तर दुसऱ्या फेरीत ‘मागचा पत्ता’ म्हणून तिच्यात तिचाच पत्ता लिहिला जाई आणि मूळ यजमानाकडे जाणारी वाट पुसली जाई. म्हणून अशा प्रोग्रामने दर फेरीला नवी स्मृती मागून घ्यायची.

२००० साली ‘झेड/आर्किटेक्चर’ आले, रजिस्टरे ६४ बिटांची झाली आणि ७२ बाइट अपुरे पडले. नवी जागा १४४ बाइटांची ठरली. तिच्या दुसऱ्या शब्दात पत्त्याऐवजी ‘एफ४एसए’ ही चार अक्षरे लिहितात. त्यांवरून नवी मांडणी ओळखू येते. जुन्या ७२ बाइटांवर चालणारे प्रोग्राम आजच्या मेनफ्रेमवरही चालतात.